लोणा कुठे फुटतो?

तळघराच्या भिंतीचा रंग फुगला की उपाय ठरलेला असतो: खरवडा, पुट्टी भरा, वर ‘वॉटरप्रूफ’ रंगाचे दोन हात मारा. पुढच्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा सुटतात, तेही आधीपेक्षा वीतभर वर.

वीट किंवा जांभा म्हणजे बारीक छिद्रांचं जाळं. त्यातून पाणी केशाकर्षणाने चढतं. छिद्राची त्रिज्या १ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली तर गणिताने उंची येते सुमारे १५ मीटर! प्रत्यक्षात ओल बहुधा मीटरभरच दिसते, कारण वाटेत पाणी पृष्ठभागावरून उडून जातं. ही वाट रंगाने बुजवली की ओल वर सरकते. ते ‘वीतभर’ इथून येतं.

पाणी उडतं, पण जमिनीतून आणि विटेतून विरघळून आलेले क्षार मागे राहतात. पाण्याची वाफ जिथे होते, तिथेच त्यांचे स्फटिक धरतात. गिलावा मोकळा असेल तर ते बाहेर पांढऱ्या भुकटीसारखे फुटतात (हाच लोणा) आणि झाडूने निघतात. तोंड बंद असेल तर ते रंगामागे, गिलाव्याच्या आत वाढतात. त्यात सोडियम सल्फेट सर्वांत खोडकर. ३२.४ अंश सेल्सिअसखाली तो पाण्याचे १० रेणू सामावून स्फटिक बांधतो आणि त्याचं आकारमान कोरड्या क्षाराच्या सुमारे चौपट होतं. एवढी जागा छिद्रात नसते. मग गिलावाच फुटतो. भिजणं-वाळणं चालू राहिलं की हेच चक्र पुन्हा. यात वास्तुदोष शोधणाऱ्यांनी कोपऱ्यात मीठ ठेवू नये. भिंतीत ते आधीच भरपूर आहे.

आधी निदान करा. फूटभर प्लास्टिक चारही कडांना टेप लावून दोन दिवस चिकटवा. थेंब आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतली. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेची हवा २६ अंशांच्या भिंतीवर घाम आणते, म्हणून पावसाळ्यात तळघराच्या खिडक्या उघडून ओल वाढूही शकते.

ओल भिंतीतली असेल तर डागाच्या अर्धा मीटर वरपर्यंत गिलावा काढा, सांधे २० मिमी खोल खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर तेच क्षार पुन्हा आत जातात. मग १ भाग चुना, ३ भाग धुतलेली वाळू, १० मिमीचे थर आणि वर सफेदी. जिप्सम आणि पीओपी नकोच. जिप्सम पाण्यात थोडं का होईना विरघळतं. हिरवा जिप्सम बोर्ड दमट हवा सोसतो, झिरपणारं पाणी नाही. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेलं बोर्ड) फुगतं. सपाट भिंत हवीच असेल तर फायबर सिमेंट बोर्ड, मागे ३० मिमी पोकळी, वर-खाली झरोके आणि खालची कड फरशीपासून १५ मिमी वर.

भिंतीतून पाणी अक्षरशः वाहत असेल तर चुना टिकणार नाही; आधी बाहेरून चर काढून पाण्याला वाट द्या. नंतर सुकवायला वेळ: जाडीच्या दर इंचाला साधारण महिना, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊ.