‘मालिका’ शब्दाचा घोळ: प्रवासातल्या फोटोंच्या गोष्टीची पार्श्वभूमी

एकामागून एक चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची चाल ठाणेकरांना नवी नाही. १८९० च्या दशकात शेजारच्या कल्याणमधले एक कुटुंब काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ करत असे. त्या खेळांना नाव होते शांबरिक खरोलिका. विषय बहुतेक पौराणिक, त्यामुळे पुढे काय येणार हे प्रेक्षकाला ठाऊक असायचे. प्रवासाच्या फोटोंना ही सोय नाही.

रोलच्या काळात ती उणीव फारशी जाणवली नाही. रोल ३६ फोटोंचा आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक फिल्मच्या कडेलाच. हिमालयातून परतलेला माणूस भिंतीवर चादर टांगून स्लाइड दाखवी आणि निसटलेले दुवे बोलण्यातून भरून काढी. (एखादी स्लाइड उलटी लागणे हाही कार्यक्रमाचाच भाग.) डिजिटल आल्यावर फोटो वाढले, बोलणारा मात्र गेला.

फोटोंच्या स्पर्धांमध्ये वाद झाला तो ‘मालिका’ या शब्दावरून. वेगवेगळ्या गावांतले पंधरा जुने दरवाजे हीसुद्धा मालिका आणि घरून निघून परत येईपर्यंतचा प्रवास हीसुद्धा मालिकाच. दरवाज्यांमध्ये तिसरा फोटो सातवा केला तरी काही बिघडत नाही. प्रवासात बिघडते. पहिल्या प्रकाराला नुसते ‘संच’ म्हटले असते तर निम्मी भांडणे टळली असती. स्पर्धेच्या नियमांत ‘सुसंगती’ हवी असे लिहिलेले असते. ती रंगांची की घटनांची, हे कोणी लिहीत नाही.

काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका छायाचित्र मंडळाच्या अंतर्गत स्पर्धेत हा घोळ उघडा पडला. विषय होता ऐरोलीहून बोटीने जाऊन पाहिलेले ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. बोट चालायला खाडीत पुरेसे पाणी लागते, तर पक्षी खायला उतरतात ते ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात. त्यामुळे या सफरीचा क्रम भरती-ओहोटीच ठरवते. एका मालिकेत धक्क्यावर भरलेले पाणी, मग खारफुटीची उघडी मुळे, पुन्हा काठोकाठ पाणी, पुन्हा चिखल असे फोटो होते. सगळे उत्तम, सगळ्यांवर तीच गुलाबी छटा. दोन दिवसांचे फोटो मिसळल्याचा आक्षेप आला, पण ‘दृश्य सुसंगती आहे’ म्हणून मालिका ग्राह्य धरली गेली. दुसऱ्या दिवशीचा फोटो घेण्यात गैर काहीच नाही, तसे सांगितले की झाले. पण एका सफरीत खाडी दोनदा रिकामी होत नाही, एवढे तरी परीक्षकांना दिसायला हवे होते.

२०१५ मध्ये खाडीचा हा भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेला आणि कॅमेरे वाढले. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये २०१७ पासून १० आणि २०२४ पासून २० फोटो बसू लागले. जागा वाढली, क्रम मात्र स्क्रीनवर सरकणारे बोट थांबवणाऱ्या फोटोपासून लागू लागला. आता ऐरोलीची सफर उडत्या थव्याने सुरू होते. धक्का असलाच तर शेवटी, नाहीतर नसतोच.