कॉर्डलेस माइक

कॉर्डलेस माइक : बोलणाऱ्याचा आवाज वायरऐवजी रेडिओलहरींवरून ध्वनिक्षेपकापर्यंत नेणारी यंत्रणा. पुस्तकी मराठीत तिला ‘बिनतारी ध्वनिग्राहक’ म्हणतात. नाट्यगृहात, मांडवात आणि साउंडवाल्यांच्या तोंडी मात्र ‘कॉर्डलेस’ हाच शब्द आहे, आणि माइक कपड्याला लावायचा असेल तर ‘कॉलर माइक’. यंत्रणेचे भाग तीन : बोलणाऱ्याजवळचा, लहरी पाठवणारा ट्रान्समीटर; मिक्सरजवळचा (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राजवळचा), लहरी पकडणारा रिसीव्हर; आणि या दोघांमधली हवा. पहिले दोन विकत मिळतात. तिसरा भाग प्रत्येक सभागृहात वेगळा असतो, प्रेक्षक आत आले की बदलतो, आणि कॉर्डलेस दगा देतो तो बहुतेक वेळा तिथेच. चांगला संच घेतला म्हणजे काम झाले, ही समजूत म्हणूनच महागात पडते.

कलाकारांसाठी बनवलेल्या पहिल्या बिनतारी माइकांपैकी एक अमेरिकेतील शूअर कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणला. त्याचे नाव ‘व्हॅगाबाँड’. त्यात पाच निर्वात नळ्या होत्या आणि सुमारे ७०० चौरस फुटांच्या वर्तुळात तो चाले. पुढे ट्रान्झिस्टर आले, ट्रान्समीटर खिशात मावू लागला आणि नाटक, दूरचित्रवाणी व चित्रपटांत त्याचा वापर रुळला. मराठी रंगभूमीवर बराच काळ रंगमंचाच्या पुढच्या कडेला ठेवलेले आणि वरून टांगलेले माइक असत. कोणत्या वाक्याला कुठे उभे राहायचे हे नटाला त्या माइकांकडे लक्ष ठेवूनही ठरवावे लागे. कॉर्डलेसने ते बंधन सुटले. कीर्तनकार, लावणी नर्तकी आणि शाहीर यांना तर ही सुटका फार मोलाची, कारण त्यांचे बोलणे आणि हालचाल वेगळी काढताच येत नाही.

आवाज हवेतून कसा जातो

ट्रान्समीटर माइकमधला विद्युतसंकेत ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या (सेकंदाला ठरावीक कंपने असलेल्या) लहरीवर चढवतो. त्याची शक्ती साधारण १० ते ५० मिलिवॅट, म्हणजे अगदी थोडी. जुन्या, अ‍ॅनालॉग पद्धतीत एफएम रेडिओसारखीच लहरीची फ्रिक्वेन्सी आवाजाबरोबर कमीजास्त होते. या पद्धतीत हळू आणि मोठ्या आवाजांतले पूर्ण अंतर मावत नाही, म्हणून ट्रान्समीटर ते अंतर निम्म्यावर दाबतो आणि रिसीव्हर पुन्हा दुप्पट करतो. स्वस्त संचात तानपुऱ्याचा सूर विरताना मागची खरखर वरखाली होते, ती या दाबण्या-उघडण्यातली. डिजिटल संचात आवाज आकड्यांच्या रूपात जातो, त्यामुळे ही कुरबुर नाही. त्याबदली दोन-चार मिलिसेकंदांचा उशीर होतो. तो कानाला जाणवत नाही, पण तोच आवाज शेजारच्या वायरच्या माइकातही शिरत असेल तर दोन्ही मिसळून पोकळ ऐकू येतो.

आवाज मध्येच तुटतो, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ५० सेंमी असते. ट्रान्समीटरकडून एक लहर थेट अँटेनाकडे येते आणि दुसरी भिंतीवर किंवा लोखंडी कमानीवर आपटून येते. दुसरीचा रस्ता २५ सेंमीने लांब पडला की दोघी उलटसुलट होऊन एकमेकींना खोडतात. त्या जागी आवाज गायब, आणि नट एक पाऊल सरकला की परत हजर. ‘इथेच कसा जातो?’ हा प्रश्न प्रत्येक नाट्यगृहात ऐकू येतो तो यामुळे. यावर उपाय म्हणजे दोन अँटेनांचा रिसीव्हर. एका अँटेनापाशी लहर खोडली गेली तरी दुसरीपाशी ती बहुधा शाबूत असते, आणि रिसीव्हर क्षणोक्षणी चांगली बाजू निवडतो. दोन अँटेनांत किमान पाव लहर, म्हणजे इथे साडेबारा सेंमी अंतर हवे. त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बाहेर झुकवून ठेवाव्यात, कारण नटाच्या अंगावरची अँटेना कधी उभी तर कधी आडवी होत असते.

फ्रिक्वेन्सी निवडणे

हा विषय सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा. भारतात लहरींचे वाटप दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. व्यावसायिक संच बहुधा ४७० मेगाहर्ट्झच्या वरच्या, एकेकाळी दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या पट्ट्यात चालतात. त्या पट्ट्याचा वरचा भाग हळूहळू मोबाइल सेवांकडे गेला. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात माइक वापरण्यास जून २०१० पासून बंदी आहे. भारतात याच पट्ट्याच्या लहरी २०२२ च्या लिलावात रिलायन्स जिओने घेतल्या. त्यामुळे ७०३ ते ८०३ मेगाहर्ट्झमधला जुना माइक स्वस्तात मिळत असला तरी घेऊ नये. त्याची गंमत अशी की दुपारच्या रिकाम्या सभागृहात तो उत्तम चालतो. या पट्ट्याच्या खालच्या भागात मोबाइल हँडसेट टॉवरकडे संदेश पाठवतात. म्हणजे गोंधळ करणारी यंत्रे प्रेक्षकांच्या खिशातून, तिसऱ्या घंटेच्या सुमारास आत येतात.

अनेक माइक एकत्र लावताना आणखी एक अडचण येते. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या लहरी मिसळून नव्या, नको असलेल्या लहरी तयार होतात. एक ५२० मेगाहर्ट्झवर आणि दुसरा ५२१ वर असेल, तर ५१९ आणि ५२२ वर त्यांची भुते उभी राहतात. तिसरा माइक नीटनेटकेपणाने ५२२ वर ठेवला की नेमका तोच गडबडतो. समान अंतराची मांडणी दिसायला सुरेख, पण चुकीची. बहुतेक कंपन्या परस्परांना न भिडणाऱ्या चॅनेलचे तयार गट संचातच देतात. सगळे माइक एकाच गटातले घेतले तर हा हिशेब हाताने करावा लागत नाही.

२.४ गिगाहर्ट्झवरचे छोटे संच मुलाखतीला आणि लग्नाच्या चित्रीकरणाला सोयीचे. मात्र वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात असल्यामुळे भरलेल्या सभागृहात त्यांच्यावर विसंबू नये.

गणेशोत्सवातला प्रकार निराळाच. दाट वस्तीत दोन मंडळांचे मांडव हाकेच्या अंतरावर असतात आणि दोघांनीही एकाच मॉडेलचा, फ्रिक्वेन्सी बदलता न येणारा माइक आणलेला असतो. मग एका मांडवातली बक्षीस समारंभाची घोषणा दुसऱ्याच्या आरतीत उतरते. एफएम रिसीव्हर दोन लहरींपैकी जोरकस असेल तिला धरतो. आपला ट्रान्समीटर चालू असेपर्यंत शेजारी सहसा दबलेला राहतो, आपला बंद झाला की तो आत शिरतो. म्हणून बोलणे थांबल्यावर माइक म्यूट करावा, पॉवर बंद करू नये.

मांडणी

आधी सर्व रिसीव्हर चालू करावेत आणि ट्रान्समीटर बंद ठेवावेत. एलईडी पडदा, वॉकीटॉकी, दिव्यांची यंत्रणा हे सारे मात्र चालू हवे, कारण स्कॅन करताना, म्हणजे मोकळी फ्रिक्वेन्सी शोधताना, जे बंद होते तेच ऐन वेळी गोंधळ घालते. या अवस्थेत रिसीव्हरवर संकेताचे दिवे लागत असतील तर ती जागा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात आहे. मोकळी फ्रिक्वेन्सी सापडली की ट्रान्समीटर तिच्यावर जुळवून चालूच ठेवावा, मग पुढचा रिसीव्हर घ्यावा. एका रिसीव्हरला एका वेळी एकच ट्रान्समीटर. दोन माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू केले की दोघांचे बोलणे मिळत नाही, चिरचिर मिळते.

रिसीव्हर मिक्सरच्या टेबलाखाली, ट्रंकेत किंवा एलईडी पडद्यामागे ठेवू नये. अँटेना माणसांच्या डोक्यांच्या वर आणि रंगमंच थेट दिसेल अशा ठिकाणी हव्यात. शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते, आणि पाचशे प्रेक्षक म्हणजे पाण्याची भिंतच. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रिसीव्हर विंगेत ठेवून तिथून मिक्सरपर्यंत साधी ऑडिओ केबल नेणे. अँटेनाच्या लांब केबलमध्ये संकेत वाटेतच झिजतो, ऑडिओच्या केबलमध्ये ती भीती नाही.

गेन, म्हणजे संकेत किती वाढवायचा ते प्रमाण, लावायची ती बोलणाऱ्याच्या खऱ्या आवाजावर. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ने काही कळत नाही. नटाला त्याचा सर्वांत चढा संवाद म्हणायला लावावा, कीर्तनकाराला जयघोष करायला सांगावा. तेव्हा मीटर लाल होण्याच्या जरा खाली राहील इतकी ट्रान्समीटरवरची गेन योग्य. तिथे आवाज फाटला तर मिक्सरवर कितीही खाली ओढला तरी फाटलेलाच राहतो.

यानंतर माइक हातात घेऊन सतत बोलत रंगमंच चालून काढावा : दोन्ही विंगा, मागचा दरवाजा, पायऱ्या, नट जिथे पाठ फिरवतो ती जागा. दुसऱ्याने रिसीव्हरच्या दिव्यांवर नजर ठेवावी आणि जिथे ते पडतात तिथे खडूने खूण करावी. दहा मिनिटांचे काम आहे. घाईत नेमके तेच गाळले जाते, याचे वाईट वाटते, कारण त्या खुणेवर प्रयोगात आवाज गेला तर तोंडघशी पडतो तो नट.

अंगावर माइक लावणे

कॉलर माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर लावतात. तोंडापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. तो भरून काढायला गेन वाढवली की स्पीकरचा आवाज पुन्हा माइकात शिरून शिट्टी सुरू होते. कीर्तनात आणखी प्रश्न असतो. बहुतेक कॉलर माइक चहूबाजूंचे ऐकतात. वारकरी कीर्तनात मागे टाळकऱ्यांच्या रांगा आणि शेजारी पखवाज, त्यामुळे अभंगाच्या शब्दांआधी टाळच माइकात शिरतात. तिथे गालाजवळ येणारा हेडसेट बरा. कॉलर माइकच लावायचा तर उपरण्याला लावू नये. उपरणे सरकते, माइकावर घासते, आणि साउंडवाला ती खरखर मिक्सरवर शोधत बसतो. अंगरख्याच्या काठाला लावून वायरीचा छोटा वळसा आतून चिकटपट्टीने पक्का करावा, म्हणजे वायरीला बसलेला हिसका माइकापर्यंत पोचत नाही.

नऊवारीत बॉडीपॅक, म्हणजे अंगावर बांधायचा ट्रान्समीटर, ठेवायला खिसा नसतो. पाठीमागे, कंबरेच्या जरा वर, लवचीक पट्ट्याच्या कापडी पिशवीत तो बांधतात, आणि वरून नेसलेला पदर व कंबरपट्टा त्याला झाकतो. धातूचा कंबरपट्टा अँटेनावर येऊ देऊ नये. अँटेना मोकळी लोंबती हवी, गुंडाळलेली किंवा घामेजल्या त्वचेला चिकटलेली नको. नाचणारीचा घाम बॉडीपॅकमध्ये उतरतो, म्हणून तो पातळ रबरी आवरणात घालण्याची रीत आहे. नथ डाव्या नाकपुडीत असते, तेव्हा हेडसेटचा दांडा उजव्या गालावरून आणावा. नाहीतर प्रत्येक गिरकीला मोती माइकावर टिचकी मारतो आणि सभागृहभर टकटक ऐकू येते.

हातातला माइक जाळीवर मूठ आवळून धरू नये. जाळीमागच्या फटी झाकल्या की माइक सर्व दिशांचे ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. अगदी खालचे टोकही धरू नये, बहुतेक माइकांची अँटेना तिथेच असते. वायर नसल्यामुळे वक्ता बोलत बोलत स्पीकरच्या पुढ्यात उतरतो. तिथवर जायचे नाही, हे आधीच सांगून ठेवावे.

सेल

प्रत्येक प्रयोगाला नवे अल्कलाइन किंवा पूर्ण चार्ज केलेले सेल घालावेत. भिंतीवरच्या घड्याळात घालतात ते झिंक-कार्बनचे स्वस्त सेल इथे टिकत नाहीत. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे, अल्कलाइन १.५ व्होल्टचे. सेलचा प्रकार संचात नीट नोंदवला नाही तर मीटर भलतेच दाखवतो. शिवाय चार्जवाले सेल शेवटी एकदम बसतात, इशारा द्यायला वेळ ठेवत नाहीत. मध्यंतराला सेल बदलणारी मंडळी आहेत, आणि त्यांचा पहिल्या अंकातला अर्धा सेल वाया जातो हे खरे असले तरी तीन तासांच्या नाटकात त्यांचेच बरोबर आहे.

प्रयोग संपल्यावर आधी मिक्सरवरचा चॅनेल बंद करावा आणि मग ट्रान्समीटर, नाहीतर स्पीकरमधून फटकन आवाज येतो. सेल काढून ठेवावेत, आत राहिले तर पाझरतात. कॉलर माइक कोरड्या फडक्याने पुसून, वायर ट्रान्समीटरभोवती न आवळता सैल वेटोळ्यात ठेवावी. वायर तुटते ती बहुधा पिनेपाशी.