बदल केलेल्या जुन्या ट्रॅक्टरची ओळख

जुना शेतीचा ट्रॅक्टर मूळचा कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा आणि साधारण कोणत्या सालचा, हे त्याच्यावर नंतर झालेल्या फेरफारांतून वाट काढत ठरवण्याचे काम. कित्येक दशके शेतात राबलेला ट्रॅक्टर कारखान्यातून निघाला तसा क्वचितच उरतो. इंजिन बदललेले असते, बॉनेट दुसऱ्याच ट्रॅक्टरचे असते, रंग तीन-चार वेळा चढलेला असतो आणि क्रमांकाची पाटी रिव्हेटांसकट गेलेली असते. मालकाला सुटे भाग मागवायचे असतात, संग्राहकाला मूळ रूप परत आणायचे असते, घेणाऱ्याला आपण नक्की काय घेतो आहोत ते कळायला हवे असते. तिघांचाही पहिला प्रश्न हाच.

सांगाडा : मोटारगाडीला चासी असते, बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांना ती नसते. १९१७ साली उत्पादन सुरू झालेल्या फोर्डसन मॉडेल एफने जी रचना सर्वत्र रूढ केली, तिच्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल यांची बिडाची घरे, म्हणजे बाहेरची कवचे, एकमेकांना बोल्टांनी जोडलेली असतात आणि तीच ट्रॅक्टरचा कणा होतात. बोल्ट काढले की ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सुटतो. दुरुस्तीला ही मोठीच सोय, पण ओळखीचा गोंधळही इथूनच सुरू होतो. एकाचा पुढचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा मागचा अर्धा भाग जोडून एक चालता ट्रॅक्टर उभा करणे फारसे अवघड नसते, आणि अडचणीच्या काळात लोकांनी ते सर्रास केले.

म्हणून ओळख कशावरून ठरवायची याचा क्रम महत्त्वाचा. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांची घरे सर्वांत भरवशाची. ती जड असतात, सहसा फुटत नाहीत आणि बदलायला कोणी धजत नाही. इंजिन त्यांच्या नंतर येते. बॉनेट, जाळी, मडगार्ड हा पत्रा त्याहून खाली, आणि रंग सर्वांत शेवटी. नवखा माणूस नेमका उलटा जातो. लाल दिसला की मॅसी फर्ग्युसन, निळा दिसला की फोर्ड असे धरून बसतो आणि पुढचा सगळा तपास त्या समजुतीत बसवत राहतो.

ठोकलेला क्रमांक : अनुक्रमांक पाटीवर तरी असतो किंवा थेट बिडावर ठोकलेला असतो. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या फार्मऑल एच आणि एम या १९३९ साली आलेल्या ट्रॅक्टरांची पाटी क्लचच्या घराच्या डाव्या बाजूला असे. एचचा क्रमांक एफबीएच या अक्षरांनी आणि एमचा एफबीके या अक्षरांनी सुरू होतो. पाटी शाबूत असेल तर काम पाच मिनिटांचे. पण पाटी एका ट्रॅक्टरवरून काढून दुसऱ्यावर लावता येते, म्हणून तिचे रिव्हेट जुने आहेत की नवे, हे आधी पाहावे.

फोर्डच्या एन मालिकेत हा प्रश्न फार टोकदार होतो. ९एन १९३९ मध्ये, २एन १९४२ मध्ये आणि ८एन १९४७ मध्ये आला. या तिघांचा अनुक्रमांक इंजिनाच्या ब्लॉकवर डाव्या बाजूला, मागेपुढे एकेक तारा देऊन ठोकलेला असतो. म्हणजे तो व्यवहारात इंजिनाचा क्रमांक ठरतो. इंजिन बदलले की ट्रॅक्टरचे कागदावरचे नावच बदलते, खाली गिअरबॉक्स तोच असला तरी. त्यात भर म्हणजे २एनच्या ब्लॉकवरही क्रमांकाची सुरुवात ९एन अशीच आहे. नुसती सुरुवातीची अक्षरे वाचून मॉडेल सांगणारा इथे हमखास चुकतो. २एन ओळखायला क्रमांकाचा आकडाच पाहावा लागतो.

मग कण्याकडे वळावे. ९एन आणि २एनला पुढचे तीन गिअर, ८एनला चार. आधीच्या दोघांत डावा ब्रेक क्लचच्या बाजूला, म्हणजे डाव्या पायाखाली असतो आणि उजवा उजवीकडे. ८एनमध्ये दोन्ही पेडल उजवीकडे शेजारी शेजारी आहेत. ब्लॉक सांगतो ८एन आणि पेडल डावी-उजवीकडे विभागलेली, तर मागचा भाग ९एन किंवा २एनचा आणि इंजिन नंतर बसवलेले, असा निष्कर्ष निघतो. ८एनच्या आतही एक खूण आहे. २६३८४३ क्रमांकापर्यंत डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगांना वीज वाटणारा भाग) इंजिनाच्या समोर, पंख्यामागे अडचणीत बसलेला असतो. २६३८४४ पासून, म्हणजे १९५० मध्ये, तो बाजूला आला. ठोकलेला क्रमांक आणि डिस्ट्रिब्यूटरची जागा यांचा मेळ बसत नसेल, तर कोणीतरी एकदा तरी हात घातलेला आहे. ८एननंतर आलेला १९५३ चा एनएए मात्र लगेच वेगळा पडतो. त्याचे इंजिन ओव्हरहेड व्हॉल्व्हचे, म्हणजे झडपा सिलिंडरच्या वर असलेले आहे आणि अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचा पंप मागच्या घराच्या पोटात नसून इंजिनाच्या बाजूला आहे. हा पंप तिथे येण्यामागे एक खटला आहे. या हायड्रॉलिक रचनेचे जनक हॅरी फर्ग्युसन यांनी आपल्या पेटंटांसाठी फोर्डविरुद्ध दावा लावला, १९५२ मध्ये तो साडेब्याण्णव लाख डॉलरना मिटला आणि फोर्डला हायड्रॉलिकची जुनी मांडणी सोडावी लागली. ट्रॅक्टरच्या पोटातला बदल न्यायालयातल्या तडजोडीतून आलेला असणे, ही या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

ओतीव क्रमांक आणि तारीख : ठोकलेला क्रमांक खोलगट असतो, ओतीव क्रमांक उठावाचा. साच्यातच अक्षरे असल्यामुळे तो बिडाबरोबर जन्माला येतो आणि पाटीसारखा काढून नेता येत नाही. तो वाचायची रीत साधी आहे. जागा डिझेलने भिजवून वर साचलेला ग्रीस आणि मातीचा थर लाकडी पट्टीने खरवडावा, मग तारेचा ब्रश फिरवावा. कानस किंवा ग्राइंडर लावू नये. उठाव गेला की पुरावा गेला. जागा कोरडी झाल्यावर खडू आडवा धरून हलकेच घासला की उंच भाग पांढरा होतो आणि खोल भाग काळा राहतो. टॉर्च समोरून न धरता बाजूने, बिडाला जवळजवळ चिकटवून धरली तर सावल्यांतून ३ आणि ८, १ आणि ७ यांतला फरक कळतो. फोटो घेण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवावी.

एक सावधगिरी मात्र हवी. ओतीव क्रमांक आणि सुट्या भागांच्या पुस्तकातला क्रमांक एकच असेल असे नाही. एकाच साच्यातून निघालेल्या बिडावर वेगवेगळे यंत्रकाम करून दोन मॉडेलांचे भाग बनत, त्यामुळे ओतीव क्रमांक कुटुंब सांगतो, व्यक्ती सांगेलच असे नाही.

त्याच्या जवळच बहुधा ओतकामाची तारीख असते. फोर्डच्या एन मालिकेत पहिले अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. पुढे दिवस, आणि शेवटी वर्षाचा फक्त अखेरचा अंक. ‘डी १७ ९’ म्हणजे १७ एप्रिल, वर्ष ९ ने संपणारे. दशक ती सांगत नाही. ते रचनेवरून ठरवायचे. हा भाग ८एनचा असेल तर १९४९ खेरीज दुसरा पर्याय उरत नाही. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागांवर महिना आणि दिवस अंकांत आणि वर्षासाठी अक्षर येते.

एकच तारीख पाहून थांबू नये. ब्लॉक, गिअरबॉक्स, डिफरन्शियलचे घर, हायड्रॉलिकचे झाकण, दोन्ही अ‍ॅक्सलची नळकांडी अशा पाच-सहा ठिकाणच्या तारखा लिहून घ्याव्यात. मूळ जोडणीच्या ट्रॅक्टरमध्ये त्या काही आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या अंतरात एकवटलेल्या असतात आणि ट्रॅक्टर त्यांतल्या सर्वांत अलीकडच्या तारखेनंतर बनलेला असतो. एखादी तारीख दोन-तीन वर्षे पुढे किंवा मागे पडली, तर तो भाग उपरा.

फेरफारांच्या खुणा : इंजिन बदलल्याची सर्वांत बोलकी खूण म्हणजे इंजिन आणि क्लचच्या घराच्या मधली जोडपट्टी, पोलादाची एक जाड पट्टी जी कारखान्याच्या रचनेत नसतेच. दुसरी खूण लांबीची. ज्या ट्रॅक्टरात पुढचा अ‍ॅक्सल इंजिनाच्या पुढे टांगलेला असतो, त्यात इंजिन जितके लांब तितकी चाके पुढे जातात. फर्ग्युसन टीई-२० आणि फोर्ड ९एन या दोघांच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतले अंतर ७० इंच आहे. टेपने ते चार इंच जास्त भरले, तर बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर मिळाले. बॉनेटच्या मधोमध जोडलेली पत्र्याची पट्टी आणि पुढे सरकवलेला रेडिएटर हेच पुन्हा सांगतात.

टीई-२० चे उदाहरण शिकण्यासारखे आहे. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीत पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनले. सुरुवातीला त्यात कॉन्टिनेन्टलचे इंजिन होते, नंतर स्टँडर्डचे. पेट्रोलच्या आवृत्तीचे नाव टीई-ए२०, व्हेपरायझिंग तेलावरच्या (रॉकेलसारख्या जड इंधनावरच्या) आवृत्तीचे टीई-डी२०, डिझेलचे टीई-एफ२०. स्टँडर्डच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आधी ८० मिलिमीटर आणि १९५१ पासून ८५. या सगळ्या कारखान्याच्याच आवृत्त्या. त्यावर पर्किन्सचे तीन सिलिंडरचे पी३ डिझेल इंजिन बसवण्याचे संचही विकले जात. म्हणून टीई-२० च्या कण्यावर तीन सिलिंडरचे इंजिन दिसले, तर त्याला लगेच नंतरचा मॅसी फर्ग्युसन ३५ म्हणू नये, जरी पुढे १९५९ नंतर त्या मॉडेलमध्ये पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन खरोखरच आले होते. रंगाने तर आणखी फसगत होते, कारण ३५ हे मॉडेल स्वतः आधी करडे-सोनेरी होते आणि नंतर लाल झाले.

बाकी खुणा पटापट पाहून होतात. सहा व्होल्टच्या डायनॅमोच्या जागी बारा व्होल्टचा अल्टरनेटर ही इतकी सर्वत्र झालेली सुधारणा आहे, की तिच्यावरून काहीच ठरवू नये. पीटीओच्या, म्हणजे जोडलेली अवजारे फिरवणाऱ्या, शाफ्टवर चढवलेली बाही काढून आतल्या शाफ्टचा व्यास मोजावा. एन मालिकेचा मूळ शाफ्ट सव्वा इंचाच्याही आत, १ १/८ इंचाचा आहे, नंतर सर्वत्र १ ३/८ झाला. पेट्रोलवर सुरू करून जड तेलावर चालवायच्या ट्रॅक्टरला दोन कप्प्यांची टाकी असते. आत डिझेल इंजिन असले तरी अशी टाकी मूळ इंधनाची साक्ष देते. पोलादी चाकांचे आरे मध्येच कापून त्यांना रबरी टायरची धाव वेल्ड केलेली असेल, तर ट्रॅक्टर बहुधा रबरी टायर रूढ होण्याआधीचा, म्हणजे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचा किंवा त्याहून जुना. बोल्ट इंची की मिलिमीटरचे, यावरून निर्मितीचा देश निदान अर्धा कळतो.

रंगाचा उपयोग शेवटी आणि योग्य जागीच करावा. पाटीच्या मागे, सीटच्या पट्टीखाली, मडगार्ड जिथे अ‍ॅक्सलला टेकतो तिथे मूळ थर टिकतो. इंग्लंडमधल्या डॅगनहॅममध्ये बनलेला फोर्डसन एन आधी निळा, १९३७ पासून नारिंगी आणि महायुद्धाच्या काळात हिरवा होता. अशा ट्रॅक्टरात सर्वांत खालचा थर साल बऱ्यापैकी जवळ आणतो.

परवान्याने बनलेली आणि नकललेली भावंडे : हुबेहूब दिसणारा ट्रॅक्टर दुसऱ्याच देशाचा असू शकतो. लेनिनग्राडचा फोर्डसन-पुतिलोवेत्स हा फोर्डसन एफवरून, पोलंडचा उर्सुस सी-४५ जर्मन लांझ बुलडॉगवरून आणि युगोस्लाव्हियाचा आयएमटी ५३३ हा फर्ग्युसन ३५ च्या परवान्यावर बनला. इथे मापे जुळतात, म्हणून बिडावरचे कारखान्याचे चिन्ह निर्णायक ठरते.

ट्रॅक्टरांची तुलना कागदावर करायची तर अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या चाचणीचे अहवाल फार कामाचे आहेत. १९१९ च्या कायद्याने त्या राज्यात विक्रीसाठीच्या ट्रॅक्टरांची चाचणी सक्तीची झाली आणि १९२० पासून अहवाल निघू लागले. बोअर, स्ट्रोक (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर), वजन आणि प्रत्येक गिअरमधला वेग त्यांत असतो. गिअरमधला वेग विशेष उपयोगी, कारण इंजिन बदलले तरी गिअरचे दात तेच राहतात. इंजिनाचे किती फेरे झाले की मागचे चाक एकदा फिरते, हे प्रत्येक गिअरमध्ये मोजून गुणोत्तर काढता येते आणि ते ज्ञात मॉडेलाशी ताडून पाहता येते.

फेरफारच जिथे मॉडेल होतो : काही बदल एखाद्या घरच्या कारागिराचे नसून त्यांना स्वतःचे नाव आहे. डो ट्रिपल-डी हा ट्रॅक्टर म्हणजे पुढची चाके काढलेले दोन फोर्डसन मेजर, एकामागे एक ठेवून फिरत्या सांध्याने जोडलेले. त्यात दोन इंजिने, दोन गिअरबॉक्स आणि दोन अनुक्रमांक असतात, आणि तरी तो एकच ट्रॅक्टर आहे. फंक यांच्या संचाने सहा सिलिंडरचे किंवा व्ही-८ इंजिन बसवलेला ८एनही असाच. अशा ट्रॅक्टरातून ‘परके’ इंजिन काढून मूळ बसवणे म्हणजे दुर्मीळ वस्तू मोडून नेहमीची बनवणे होय. शर्मन कंपनीचा जोड-गिअरबॉक्स बसवलेल्या ८एनला एक जादा दांडी असते. तीही काढून टाकण्याजोगी चूक नव्हे.

नोंद कशी लिहावी : मिसळ झालेल्या ट्रॅक्टरला एकच नाव देण्याचा अट्टहास धरू नये. कण्याचे नाव आधी, मग उपरे भाग त्यांच्या तारखांसह : ‘फोर्ड २एन, मागचा भाग १९४४, इंजिन ८एन, १९४९, बॉनेट ८एन, बारा व्होल्ट’. सुटे भाग मागवताना या नोंदीतली नेमकी ओळ वापरायची असते. पिस्टन आणि रिंगा इंजिनाच्या नावाने, ब्रेक लायनर आणि अ‍ॅक्सलचे सील मागच्या भागाच्या नावाने. क्लच प्लेट दोघांच्या सीमेवर बसते, त्यामुळे ती नावाने मागवू नये. ट्रॅक्टर उकलून शाफ्टच्या स्प्लाइन (लांबट दाते) मोजाव्यात, फ्लायव्हीलचा व्यास घ्यावा आणि जुनी प्लेट सोबत न्यावी.