लाईटवरचा डबा : पार्श्वभूमी

कोल्हापूर हे मुळात डब्याचं गाव नव्हे. मुंबईत १८९० च्या सुमारास घरचं जेवण दुसऱ्याच्या डोक्यावरून ऑफिसात पोचू लागलं, कारण फोर्टात कामाला गेलेला माणूस दुपारी घरी येऊच शकत नव्हता. इथे तो प्रश्नच नव्हता. राजारामपुरीतून भवानी मंडपापर्यंत सायकलनं दहा-पंधरा मिनिटं. कोर्टातला कारकून काय आणि बँकेतला कॅशियर काय, दुपारी एकला घरी जायचा, तव्यावरची भाकरी खायचा, जमलं तर जरा आडवा व्हायचा आणि पुन्हा टेबलावर. दुकानदारसुद्धा दुपारी अर्धं शटर ओढून घेत. ही सवय मोडली कशी, हे कळल्याशिवाय लाईटवरच्या, म्हणजे पिन लावून विजेवर तापणाऱ्या, डब्याचा ऑफिसातला सध्याचा घोळ कळत नाही.

डबा होता, पण तो कामगाराचा. १९०६ साली शाहू मिल उभी राहिली आणि पाळीनं काम करणारा वर्ग शहरात तयार झाला. पुढे शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्या आणि ऑइल इंजिनांचे कारखाने आले, मग शिरोली आणि गोकुळ शिरगावची एमआयडीसी. डबा गरम करायची सोय तिथे कामातूनच निघाली. माझे चुलते उद्यमनगरात मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे, होते. साच्यात बसवायचे वाळूचे कोअर भाजण्यासाठी जो ओव्हन असायचा, त्याच्या माथ्यावर साडेअकरापासून डब्यांची रांग लागायची. तीन पुडांचा पितळी डबा, आतून कल्हई. खाली आमटी, मधे भात, वर भाजी. भाकरी फडक्यात वेगळी, कारण ओव्हनवर ठेवली की तिचा पापड होतो. सगळ्यांचे डबे सारखेच दिसत, म्हणून झाकणावर खिळ्यानं खूण केलेली. चुलत्यांची खूण त्रिशूळ. मधली जागा सगळ्यात गरम, आणि तिच्यावरून रोज शब्दाला शब्द.

असं जगात सगळीकडेच झालं. कोरियातल्या शाळांत वर्गातल्या शेगडीवर पत्र्याचे डबे रचत आणि सगळ्यात खालचा करपत असे. तैवानच्या शाळांत वाफेचं कपाटच ठेवलेलं असतं. गरम जेवणाची ओढ जुनीच आहे. वायर तेवढी नवी.

त्या वायरीचा इतिहास मात्र दोन वेगळ्या घरांतला आहे, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपण ज्याला सरसकट ‘इलेक्ट्रिक डबा’ म्हणतो, त्यात निदान दोन यंत्रं आहेत. पहिलं यंत्र निव्वळ गरम करणारं: तळाशी छोटी तापपट्टी, वर स्टीलचं भांडं, ४० वॅटच्या आसपास. यातल्या बऱ्याच डब्यांत सिरॅमिकचा असा घटक असतो, की तापमान चढलं की त्याचा विद्युतरोध वाढतो आणि तो स्वतःच दमानं घेतो. दुसरं यंत्र शिजवणारं: मापानं पाणी ओतायचं, वाफेवर तांदूळ-डाळसुद्धा होते, ३०० वॅटच्या आगेमागे. पाणी आटलं की तळ शंभर अंशांच्या वर जातो आणि वीज तोडणारा कटआउट उडतो. ही युक्ती १९५५ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या आपोआप बंद होणाऱ्या भाताच्या कुकरची. म्हणजे पहिलं थर्मास डब्याचं भावंड, दुसरं कुकरचं. दुकानात दोघांच्या खोक्यावर नाव एकच.

त्यात मराठीत ‘डबा’ हा शब्द आधीच ओव्हरलोड. भांडं म्हणजे डबा, त्यातलं जेवण म्हणजे डबा, आणि ‘मी डबा लावलाय’ म्हटलं तर खानावळीचं महिन्याचं जेवण. आमच्या ऑफिसात नव्या शिपायानं विचारलं, “साहेब, तुमचा डबा लाईटवरचा का मावशींचा?” प्रश्न अगदी बरोबर होता.

आता सवय मोडण्याकडे. शहर पसरलं, कळंबा-उचगावकडे घरं गेली, दुपारचा प्रवासच अर्धा तास खाऊ लागला, हे तर आहेच. पण सरकारी नोकरीत निर्णायक घाव बसला तो २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या पाच दिवसांच्या आठवड्यानं. शनिवार मिळाला, त्या बदल्यात दिवस लांबला: पावणेदहा ते सव्वासहा, आणि जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धा तास. अर्ध्या तासात गाडी काढून घरी जाऊन जेवून परत येणं होत नाही. तीन आठवड्यांत टाळेबंदी आली. ऑफिसं पुन्हा उघडली तेव्हा कँटीन बंद, आणि पँट्रीतल्या एकुलत्या मायक्रोवेव्हच्या दाराला दहा जणांनी हात लावायचा, ही कल्पनाच नको वाटू लागली. ज्याचा त्याचा डबा, ज्याची त्याची वायर. आरोग्याची लाट वगैरे आली म्हणून हे डबे खपले असं सांगतात, ते मला पटत नाही. अर्धा तास आणि भीती, या दोन गोष्टींनी ते खपवले.

भाव नंतर मदतीला आला. १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर २०२२ च्या उन्हाळ्यात दोन हजारांच्या वर गेला आणि साधी राईस प्लेटही शंभरीला टेकली. त्यापुढे विजेचा हिशेब किरकोळ आहे. ४० वॅटचा डबा अर्धा तास लावला तर ०.०२ युनिट, वर्षाचे अडीचशे दिवस धरले तर पाच युनिट. शिजवणारा डबा वीस मिनिटं लावला तर वर्षाला पंचवीस युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी पहिल्याचे पन्नास रुपये, दुसऱ्याचे अडीचशे. अर्थात हे पैसे ऑफिसच्या बिलात जातात आणि सकाळी साडेसहाला गॅसपुढे उभी राहणारी बाई कुठल्याच बिलात येत नाही. ‘स्वस्त’ म्हणताना लोक हे दोन्ही विसरतात.

मग आलं ऑफिसचं परिपत्रक, डबेबंदीचं. त्याची पार्श्वभूमी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. ‘फायर ऑडिट’ हा शब्द त्यानंतर साध्या ऑफिसांपर्यंत आला. आमच्या इमारतीत पाहणीला आलेल्या माणसानं एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लागलेले सहा डबे आणि एक किटली बघितली आणि कपाळाला हात लावला. आठवडाभरात आदेश निघाला: अन्न शिजवण्याची किंवा गरम करण्याची विजेची साधनं आणायची नाहीत. थोडक्यात, ‘हीटर’ बंद.

वाद पेटला तो या शब्दावरून. डबा हा हीटर आहे का? आकड्यांत पाहिलं तर आदेश आंधळा होता. सहा अँपिअरचा सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॅट पेलतो. गरम करणारे डबे त्यावर तीस लावले तरी १२०० वॅट होतात. जुना छताचा पंखा एकटा ७५ वॅट घेतो, म्हणजे एका पंख्याला जवळजवळ दोन डबे. शिजवणारे मात्र चार बसतात, पाचव्याला मर्यादा ओलांडते. आणि १५०० वॅटची किटली एकटीच त्या सॉकेटला जड. आदेशात या तिघांना एकाच ओळीत बसवलं, आणि किटली मोठ्या साहेबांच्या केबिनमधली असल्यामुळे ती राहिली, डबे गेले. माझा कल कुठे आहे हे वाचणाऱ्याला कळलंच असेल.

तरीही प्रशासनाची बाजू पुरती लंगडी नव्हती. त्यांनी धोका चुकीच्या जागी शोधला, इतकंच. धोका वॅटमध्ये कमी आणि रश्श्यात जास्त. आदल्या रात्रीचा तांबडा रस्सा डब्यात भरला की सकाळी त्याचा कट, म्हणजे तेलाचा थर, वर घट्ट बसलेला असतो. डबा तापायला लागला की तो सैल होतो, रबरी गॅस्केटच्या कडेनं हळूच बाहेर येतो आणि डबा तिरका असेल तर थेट पिनेकडे. आमच्या हिशेब शाखेतल्या बोर्डाच्या भोकांभोवती लालसर वलयं होती, दोन खतावण्यांवरही. बरं, एकानं शिजवणाऱ्या डब्यात अंडी, मग नूडल्स सुरू केल्या होत्या, आणि दुपारी तीनला येणाऱ्या त्या वासाचा बचाव मीही केला नसता.

हा डबा आरोग्याला चांगला, या दाव्याबद्दल थोडक्यात. घरचं तेल, घरचं मीठ, हे खरंच. पण अन्न ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू वाढवतं, आणि सकाळी सातला भरलेला भात एकपर्यंत त्याच पट्ट्यात बसून असतो. दहालाच पिन लावून डबा कोमट ठेवणारे बरेच आहेत. ते स्वतःच्या हातानं तो पट्टा लांबवतात. जेवायच्या आधी अर्धा-पाऊण तास लावून वाफ निघेपर्यंत तापवणं बरं. भाताची भीती तर पुन्हा तापवूनही पुरती जात नाही, कारण त्यातल्या एका जंतूचं विष उष्णतेला दाद देत नाही. पांढरा रस्सा डब्यात फाटतो, हा आरोग्याचा नव्हे, दुःखाचा मुद्दा. भाकरी आजही फडक्यातच.

सध्याची तडजोड अशी. आमच्या इमारतीत पाण्याच्या फिल्टरपासून लांब, जिन्याच्या वळणावर वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) टाकून एक फळी ठोकली आहे. फक्त गरम करणारे डबे, साडेबारा ते दीड, उभेच ठेवायचे. शिजवणारे बंद. फळीवर आठ पिना आहेत आणि डबे एकवीस, त्यामुळे झाकणांवर मार्करनं नावं आली आहेत आणि पहिल्या पाळीच्या जागेवरून कुरबूर. बारा व्होल्टवर चालणारे डबे, जे गाडीच्या सॉकेटला लागतात, त्यांचा उल्लेख आदेशातही नाही आणि तडजोडीतही नाही. एकच्या सुमाराला पार्किंगमध्ये दोन-तीन गाड्यांची दारं उघडी दिसतात, आत कुणीतरी मांडीवर पेपर पसरून बसलेलं असतं, आणि वॉचमन दुसरीकडे बघतो.