तिहेरिना, रेयेस लोपेस

(२१ सप्टेंबर १९२६ – १९ जानेवारी २०१५). अमेरिकेतील चिकानो, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या नागरिकांच्या, हक्कांसाठी लढलेले एक प्रभावी आणि तितकेच वादग्रस्त नेते. सेसार चावेस, रोदोल्फो गोन्सालेस आणि होसे आंखेल गुतिएरेस यांच्या बरोबरीने चिकानो चळवळीच्या चार प्रमुख नेत्यांत त्यांची गणना होते. चावेस यांनी शेतमजुरांच्या मजुरीचा लढा उभारला. तिहेरिना यांचा लढा मात्र गेलेल्या जमिनीसाठी होता आणि त्याचा आधार १८४८ सालचा एक तह हा होता.

टेक्सस राज्यातील फॉल्स सिटी या गावाजवळ, हंगामाप्रमाणे कापूस वेचत फिरणाऱ्या एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेम झाले. तरुणपणी त्यांनी असेंब्लीज ऑफ गॉड या पंथाच्या बायबल विद्यालयात शिक्षण घेतले आणि काही वर्षे ते फिरते धर्मोपदेशक होते. त्यांच्या पुढच्या भाषणांतला आवेश आणि बायबलमधले दाखले या काळाची देणगी होत. १९५६ मध्ये काही अनुयायी कुटुंबांसह त्यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात ‘वाये दे पास’ (शांतीचे खोरे) ही वस्ती वसवली. परंतु जाळपोळ आणि आसपासच्या लोकांचा विरोध यांमुळे ती टिकली नाही. चोरीच्या एका प्रकरणात आरोपी ठरल्यावर तिहेरिना तेथून निसटले आणि न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागातील जमिनींच्या प्रश्नाकडे वळले.

हा प्रश्न जुना होता. स्पेनच्या आणि १८२१ नंतर मेक्सिकोच्या राजवटीने या प्रदेशात वसाहतीसाठी जमिनींच्या सनदा दिल्या होत्या. त्यांतील अनेक सनदा संपूर्ण गावाच्या नावे असत: घर आणि ओलिताची पट्टी ज्याची त्याची, तर डोंगर, कुरण आणि सरपणाचे जंगल सर्वांचे. आपल्याकडील गायरानाशी या सामाईक जमिनीचे साम्य आहे, मात्र तिचे क्षेत्र कितीतरी मोठे असे. मेक्सिकोशी झालेल्या युद्धानंतर १८४८ च्या ग्वादालूपे इदाल्गो तहाने हा मुलूख अमेरिकेकडे आला. तहाने मेक्सिकन लोकांच्या मालमत्तेला संरक्षण दिले खरे; पण सनदांना स्पष्ट मान्यता देणारे दहावे कलम अमेरिकी सिनेटने मंजुरीच्या वेळी गाळून टाकले. पुढच्या अर्धशतकात दाव्यांच्या तपासणीतील दिरंगाई, फीऐवजी जमीन घेणारे वकील आणि सट्टेबाज यांच्यामुळे गावांच्या हातून जमिनी जात राहिल्या. १८९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सॅन्डोव्हल खटल्यात सामाईक जमिनीची मालकी मूळ सार्वभौम सत्तेची, म्हणून आता अमेरिकी सरकारची, असा निकाल दिला. यांतील पुष्कळशी जमीन पुढे राष्ट्रीय वनांत गेली, आणि आजोबांनी जेथे मोकळेपणाने गुरे चारली तेथे नातवाला वनखात्याचा परवाना काढावा लागू लागला. १९६० च्या दशकात हे परवानेही कमी होऊ लागले, तेव्हा दोन-चार गाईंवर गुजराण करणारी कुटुंबे अडचणीत आली. तिहेरिना यांच्या भाषणांना गर्दी का जमे, याचे उत्तर तहाच्या कलमांइतकेच या परवान्यांतही शोधावे लागते.

मेक्सिकोतील दप्तरखान्यांत जुनी कागदपत्रे चाळून आल्यावर त्यांनी १९६३ साली, तहाच्या वर्धापनदिनी म्हणजे २ फेब्रुवारीस, ‘आलियान्सा फेदेराल दे मेरसेदेस’ ही सनदधारकांच्या वारसांची संघटना नोंदवली. १९६६ च्या जुलैमध्ये आल्बुकर्कीहून राजधानी सांता फेपर्यंत पायी मोर्चा काढून गव्हर्नरकडे अर्ज देण्यात आला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. ऑक्टोबरमध्ये संघटनेच्या लोकांनी कार्सन राष्ट्रीय वनातील एको ॲम्फिथिएटर ही जागा ताब्यात घेतली आणि ती सान होआकिन दे रिओ चामा या जुन्या सनदेची असल्याचे जाहीर केले. तेथे आलेल्या दोन वनरक्षकांनाच त्यांनी घुसखोरीच्या आरोपाखाली पकडले, जागच्या जागी त्यांची ‘सुनावणी’ घेतली, दोषी ठरवले आणि सोडून दिले. कायद्याच्या भाषेतच सरकारला आरोपी करण्याची ही तऱ्हा तिहेरिना यांच्या राजकारणाचा गाभा होती.

तिचे सर्वांत स्फोटक रूप ५ जून १९६७ रोजी दिसले. जिल्हा सरकारी वकील आल्फोन्सो सांचेस यांनी संघटनेची सभा रोखून काही कार्यकर्त्यांना अटक केली होती. नागरिकाला असलेल्या अटकेच्या अधिकाराने सांचेस यांनाच ताब्यात घ्यावे, या हेतूने सुमारे वीस सशस्त्र कार्यकर्ते तिएरा आमारिया येथील न्यायालयात शिरले. सांचेस तेथे नव्हतेच. गोळीबारात एक पोलीस आणि तुरुंगरक्षक एउलोहिओ सालासार जखमी झाले. राज्य सरकारने रणगाड्यांसह नॅशनल गार्ड (राज्याचे राखीव सैन्य) डोंगरात धाडले आणि काही दिवसांत तिहेरिना पकडले गेले. डिसेंबर १९६८ मधील खटल्यात त्यांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली. नागरिकाकडून होणारी अटक सरकारी अधिकाऱ्याविरुद्धही वैध ठरू शकते, असे न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितले आणि ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले. सालासार यांचा मात्र त्याआधीच, जानेवारी १९६८ मध्ये, खून झाला होता. त्यांनी तिहेरिना यांच्याविरुद्ध जबानी दिलेली होती. हा खून कोणी केला हे कधीच सिद्ध झाले नाही, परंतु चळवळीवरचे सावट त्यामुळे गडद झाले.

१९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी आखलेल्या वॉशिंग्टन येथील गरिबांच्या मोहिमेत त्यांनी नैर्ऋत्येकडील चिकानोंच्या तुकडीचे नेतृत्व केले. वनरक्षकांवरील हल्ल्याच्या आणि त्यानंतरच्या खटल्यांत शिक्षा होऊन ते संघीय तुरुंगात गेले. १९७१ साली सुटका झाली ती संघटनेत पद न घेण्याच्या अटीवर, आणि नेत्याच्या व्यक्तिमत्त्वावर उभी असलेली संघटना त्यानंतर सावरली नाही. पुढील काळात त्यांच्या बोलण्यात ज्यूविरोधी कटसिद्धान्त येऊ लागले आणि अनेक जुने सहकारी दुरावले. त्यांच्या चाहत्यांनी हा भाग झाकून ठेवण्याचा प्रयत्न केला तरी तो चरित्राचाच भाग आहे. १९७८ मध्ये त्यांचे स्पॅनिश आत्मचरित्र मेक्सिकोत प्रसिद्ध झाले. उतारवयात काही वर्षे मेक्सिकोत राहून अखेरीस ते टेक्ससमधील एल पासो येथे आले आणि तेथेच वारले.

आलियान्साच्या एकाही दाव्यातून जमीन परत मिळाली नाही. तथापि २००४ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सनदांच्या जुन्या तपासणीचा फेरआढावा घेऊन ती प्रक्रिया कायद्याला धरून असली तरी अकार्यक्षम आणि सनदधारकांना त्रासदायक होती असा अहवाल दिला. त्याच वर्षी न्यू मेक्सिको राज्याने उरलेल्या सामुदायिक सनदांना स्थानिक शासनसंस्थेचा दर्जा दिला.