पाणी किती घालायचं? आधी पिशवीवरचा हंगाम बघा

तांदूळ तोलून झाला की दुकानात हमखास प्रश्न येतो, "पाणी किती घालायचं?" "दुप्पट घाला" म्हणून मोकळं होता येतं. पण मग आठवड्याभराने तेच ग्राहक "तुमचा तांदूळ चिकट निघाला" म्हणत परत येतात. म्हणून हे पत्रक. आमची भातगिरणी मावळातली. माल मुख्यतः इंद्रायणी, थोडा आंबेमोहोर, आणि ज्यांना फडफडीत भात लागतो त्यांच्यासाठी जुना कोलम. तिन्हींना पाण्याचं एकच माप लावलंत, तर एखादा तरी बिघडणारच.

नवा की जुना

आमच्या प्रत्येक पिशवीवर भात कोणत्या हंगामातलं आहे आणि गिरणीतून कधी काढलं, हे दोन्ही लिहिलेलं असतं. आधी ते वाचा. दिवाळीच्या आगेमागे कापणी होते आणि त्यानंतर बाजारात येतो तो नवा तांदूळ. तो पाणी कमी पितो आणि शिजताना पीठ जास्त सोडतो, म्हणून भात चिकटतो. ठेवणीत दाणा हळूहळू कडक होत जातो. मग त्याला पाणी जास्त लागतं, तो फुगतोही जास्त आणि भात सुटा होतो. जुन्या तांदळाचा भाव चढा असतो तो यामुळे, आणि वर्षभर माल सांभाळायचा खर्च असतो तो वेगळाच.

इंद्रायणी मात्र जुना झाला तरी कोलमसारखा मोकळा होणार नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून काढलेला हा वाण १९८७ साली आला. मऊपणा आणि वास त्याने आंबेमोहोराकडून घेतला. इंद्रायणीचा पुलाव करून नाराज होणारे बरेच भेटतात. वरण-भात, मेतकूट-भात, आमटी-भात यांसाठी तो घ्यावा. पुलावाला कोलम किंवा बासमती बरा.

आंबेमोहोराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचं उत्पन्न कमी, त्यामुळे लावणारे शेतकरीही कमी. बाजारात त्या नावाने परराज्यातला, दिसायला तसाच बारीक तांदूळही विकला जातो. खऱ्या आंबेमोहोराचा वास साठवणीत उडत जातो, म्हणून तो वर्षाचा भरून ठेवू नका. दोन-तीन महिन्यांपुरताच न्या.

आता पाणी

कुकरमध्ये डाळीच्या डब्यावर भाताचा डबा ठेवता, असं धरून सांगतो. नव्या इंद्रायणीला वाटीला दीड वाटी पाणी, अगदी मऊ हवा असेल तर पावणेदोन. सहाएक महिने झालेल्याला दोन. वर्ष उलटलेल्या इंद्रायणीला आणि जुन्या कोलमला सव्वादोन. आंबेमोहोराला इंद्रायणीचंच माप धरा. हातसडीचा असेल तर तासभर भिजवून अडीच ते तीन.

पातेल्यात करणार असाल, तर यावर अर्धी वाटी पाणी वाढवा. मात्र ही अर्धी वाटी एकदाच. तांदूळ एक वाटी असो की तीन, ती तेवढीच राहते. कारण हे जास्तीचं पाणी तांदूळ पीत नाही, वाफ होऊन जातं. आणि वाफ किती जाणार, हे भांड्याचं तोंड, झाकण आणि आच यांवर ठरतं. पाहुणे आले की भात गिच्च होतो तो इथेच. एका वाटीला अडीच वाटी बरोबर बसतं, म्हणून चार वाट्यांना सरळ दहा घातली जातात. खरं तर साडेआठ पुरतात.

परदेशातल्या लेकी-सुनांना तांदूळ पाठवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इलेक्ट्रिक राइस कुकरबरोबर जो कप येतो तो बहुधा १८० मिलीचा असतो आणि भांड्यावरच्या खुणा त्या कपाच्या हिशोबाने असतात. तांदूळ घरच्या वाटीने आणि पाणी खुणेपर्यंत, असं केलं तर माप चुकतं.

धुणं आणि वैरणं

दोन पाण्यांनी धुवा, फार तर तीन. हात हलका हवा. नवा इंद्रायणी चोळून धुतला की दाणा मोडतो, आणि त्या कणीनेच भाताची पेस्ट होते. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धूत बसू नका. नव्याला भिजवायची गरज नाही. जुना असेल तर वीस मिनिटं भिजवा.

पातेल्यात आधण चांगलं खळखळू द्या, मग तांदूळ वैरा आणि एकदाच तळापासून ढवळा. त्यानंतर चमचा बाजूला ठेवा. पाणी आटत आलं की वर बारीक भोकं दिसतात आणि त्यांतून वाफ फुसफुसते. त्या क्षणी घट्ट झाकण, आच अगदी मंद, जमलं तर पातेल्याखाली तवा. दहा मिनिटांनी गॅस बंद करा आणि आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका. या दहा मिनिटांत तळातला ओलावा वर सरकतो. बहुतेक घरांत घाई होते ती इथेच.

कुकरमध्ये डब्यावर ताटली ठेवा, नाहीतर झाकणाचं पाणी भातात टपकतं. तीन शिट्ट्या पुरे. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतलं पाणी एकदम उसळतं, भात उतू येतो आणि दाणे फुटतात.

शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत वरचं घेऊ नका, मधलं घ्या. बोटांत चेपा. मध्ये पांढरा ठिपका राहिला तर कणी कच्ची आहे: दोन-तीन चमचे उकळतं पाणी शिंपडून पाच मिनिटं मंद आचेवर झाका. पाणी जास्त झालं असेल तर झाकण काढून भात परातीत पसरा. गिच्चच झाला असेल, तर तूप-मेतकूट घालून मऊ भात म्हणून वाढा, कोणी तक्रार करणार नाही. खाली लागला असेल तर वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. तळ खरवडला की करपट वास सगळीकडे जातो.

उरलेला भात

रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तांदळातल्या काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात. कोमट भातात ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. तासाभरात निवला की फ्रीजमध्ये ठेवा. सकाळचा फोडणीचा भात त्याचाच छान होतो, कारण थंडीने शीत आवळतं आणि परतताना मोडत नाही.

आमच्या तांदळाला बोरिक पावडर किंवा इतर काहीही लावलेलं नसतं. पावसाळ्यात क्वचित टोके दिसतील. चाळून, निवडून घ्या. कडक उन्हात मात्र घालू नका, दाण्याला तडे जाऊन कणी पडते. कोरडा डबा, घट्ट झाकण आणि थोडा कडुनिंबाचा वाळलेला पाला एवढं पुरतं.

तरीही भात जमला नाही, तर शिजलेला भात डब्यात घेऊन येऊ नका. पिशवीतला मूठभर कच्चा तांदूळ आणि तुमची मापाची वाटी आणा. तांदळाचा दोष असेल तर पिशवी बदलून देऊ.