पॅन एकच, म्हणून कर नाही?

मुख्य कार्यालय मुंबईत, शाखा गोव्यातल्या वेर्ण्यात. ‘कंपनी एकच, पॅन एकच, मग आपणच आपल्याला दिलेल्या सेवेवर कर कसला?’ हे वाक्य पणजी-मडगावच्या हिशेबनीसांकडून मी वर्षानुवर्षं ऐकतोय. सेवाकराच्या काळात, केंद्रीय नोंदणी (सगळ्या शाखांची मिळून एकच) असताना, ते देशांतर्गत शाखांपुरतं बरोबर होतं. १ जुलै २०१७ पासून नाही. जीएसटीत प्रत्येक राज्यातली नोंदणी ही वेगळी व्यक्ती मानली जाते (केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम २५). दोघांत पैसे फिरले नाहीत तरी त्याच कायद्याच्या परिशिष्ट १ नुसार तो पुरवठाच, म्हणजे कराच्या कक्षेत. म्हापसा आणि मडगावची शाखा एकाच गोवा नोंदणीखाली असेल तर मात्र हा प्रश्नच येत नाही.

पण म्हणून नोटीस आली की घाबरून कर भरून टाकायचा, हीही तेवढीच चूक. १७ जुलै २०२३ चं जीएसटी परिपत्रक १९९ नीट वाचा. शाखेला पूर्ण इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत असेल, तर मुख्य कार्यालयाने स्वतः दिलेल्या सेवेच्या बीजकावरचं मूल्यच बाजारमूल्य धरलं जातं. बीजक काढलंच नसेल तर ते शून्य मानता येतं. मुख्य कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांचा पगार या मूल्यात धरायची सक्ती नाही, अगदी क्रेडिट पूर्ण मिळत नसलं तरी. ५ टक्क्यांवर, क्रेडिटशिवाय चालणाऱ्या रेस्टॉरंटांनी पगाराचं हे विशेष लक्षात ठेवावं, कारण शून्य मूल्याची सवलत त्यांना नाही.

लेखापरीक्षण, सॉफ्टवेअर अशा बाहेरून घेतलेल्या सामाईक सेवांचं क्रेडिट मात्र १ एप्रिल २०२५ पासून आयएसडी (इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर, म्हणजे शाखांना क्रेडिट वाटणारं कार्यालय) नोंदणीतूनच वाटावं लागतं.